डांबराच्या गोळीची वंशावळ

उन्हाळा सरत आला, कीं मध्यमवर्गीय घरांतील पेटारे आणि ट्रंका एकदां उघडल्या जातात. शालू, पैठण्या, लोकरीचे कोट यांना ऊन दाखविलें जातें आणि पुन्हां घडी घालतांना मधून मधून दोन-चार पांढऱ्या गोळ्या ठेवल्या जातात. या गोळ्यांना आपल्याकडे डांबराच्या गोळ्या म्हणतात. रंगानें त्या खडीसाखरेसारख्या शुभ्र, आणि नांवानें मात्र काळ्या. हा विरोध बहुधा कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. पण नांव ठेवणारानें चूक केलेली नाहीं. ही गोळी खरोखरच डांबराची लेक आहे आणि डांबर हें दगडी कोळशाचें अपत्य आहे. हवा लागूं न देतां कोळसा तापविला, म्हणजे त्याच्या पोटांतून जें काळें, चिकट, उग्र वासाचें द्रव्य बाहेर पडतें, त्यांतूनच ती निवडून काढतात. घरंदाज कपाटांत वावरणाऱ्या या गोळीची वंशावळ पाहूं गेल्यास तींत एक दिवाळखोर सरदार, आगींत होरपळून मेलेला एक रसायनशास्त्रज्ञ, अठरा वर्षांचा एक विद्यार्थी आणि चंपारण्यांतील हजारों गरीब कुळें भेटतात.

पदार्थ कोंडून तापविण्याच्या या क्रियेला शुष्क पातन म्हणतात. उघड्या चुलींत लाकूड जळतें, तेव्हां हवेंतील प्राणवायु त्याला मिळतो. जळण्याजोगें तें सारें जळतें आणि राख उरते. तेंच लाकूड तोंड बंद केलेल्या भांड्यांत घालून बाहेरून आंच दिली, तर आंत हवाच नसल्यामुळें तें जळत नाहीं. तें फुटतें, म्हणजे उष्णतेनें त्याचे घटक विलग होतात. कांहीं वायुरूपानें निघून जातात, कांहीं थंड होतांच पाण्यासारखा आंबट द्रव होऊन सांठतात, कांहीं दाट डांबर होऊन खालीं बसतात आणि भांड्यांत कोळसा राहतो. गुलाबपाणी काढण्याची क्रिया दिसावयाला अशीच, पण तेथें फुलांत असलेलाच सुगंध वाफेबरोबर वर चढवून धरावयाचा असतो. येथें उष्णता पूर्वीं त्या रूपानें नसलेल्या वस्तु निर्माण करते. म्हणूनच एका भांड्यांतून एकाच वेळीं तीन-चार जिनसा निघतात, आणि ज्याला त्यांतील एकच हवी असते, तो बाकीच्या फेंकून देतो. फेंकावयाची कोणती आणि ठेवावयाची कोणती, हें भट्टी ठरवीत नाहीं; बाहेरचा बाजार ठरवितो. या उद्योगाचा सारा इतिहास या एका गोष्टीभोंवतीं फिरतो.

ही युक्ति पश्चिमेकडून आली, असा समज सुशिक्षितांतहि आढळतो. तो खरा नाहीं. रसशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत पातनाचे ऊर्ध्व, अधः आणि तिर्यक् असे तीन प्रकार सांगितलेले आहेत. आणि पाताळयंत्र या नांवाचें जें साधन वैद्य वापरीत आले, तें शुष्क पातनाचेंच होय. जमिनींत खड्डा खणून त्यांत एक भांडें पुरावयाचें. बुडाशीं भोकें पाडलेल्या दुसऱ्या मडक्यांत बिब्बे किंवा नारळाच्या करवंटीचे तुकडे भरून तें त्याच्या तोंडावर बसवावयाचें. सांधे मातीनें लिंपून वरच्या मडक्याभोंवतीं शेणी रचून पेटवावयाच्या. आंच वर, उतारा खालीं. बिब्ब्याचें तेल आणि गजकर्णावर लावावयाचें करवंटीचें तेल हीं अशींच काढीत. मराठींत आज पाताळयंत्री मनुष्य तेवढा सर्वांच्या परिचयाचा उरला आहे. यंत्र बहुतेकांनीं पाहिलेलेंहि नसतें. राजस्थानांत उदेपूरजवळ जावर येथें तर या अधःपातनाचा मोठा उद्योगच उभा राहिला होता. जस्ताचें खनिज वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींत भरून, एकेका भट्टींत अशा छत्तीस मुशी उलट्या बसवून, जस्ताची वाफ खालच्या थंड भांड्यांत उतरविली जात असे. चौदाव्या शतकापासून तरी हें काम तेथें मोठ्या प्रमाणावर चालू होतें. त्यावेळीं युरोपास वेगळें जस्त काढण्याची रीति ठाऊक नव्हती.

युरोपाला गरज होती ती डांबराची, आणि ती गरज समुद्रानें निर्माण केली होती. लाकडी जहाजांच्या फळ्यांतील फटी बुजविण्यास, दोरखंड पाण्यांत कुजूं नयेत म्हणून ते माखण्यास डांबरावांचून गत्यंतर नव्हतें. तें पाइन वृक्षाच्या लांकडापासून स्वीडन आणि फिनलंड येथें काढीत. उभ्या झाडाची साल कांहीं वर्षें आधींच सोलून ठेवीत, म्हणजे जखमेभोंवतीं राळ जमे. मग टेकडीच्या उतारावर नरसाळ्याच्या आकाराचा खड्डा करून त्यांत लाकडाच्या चिरफळ्या रचीत, वर मातीचें आच्छादन घालीत आणि कडेनें आग देऊन ती कित्येक दिवस धुमसत ठेवीत. तळाच्या लाकडी पन्हळींतून डांबर ठिबकत पिंपांत पडे. आपलें पाताळयंत्र डोंगराएवढें करावें, तसाच हा प्रकार. १६४८ मध्यें स्वीडनच्या राजसत्तेनें डांबराच्या निर्यातीचा मक्ता एका कंपनीस दिला आणि इंग्लंडसारख्या दर्यावर्दी राष्ट्राच्या आरमाराची नाडी परक्याच्या हातीं गेली. अठराव्या शतकाच्या आरंभीं उत्तरेकडील युद्धामुळें आणि मक्तेदारांच्या अटींमुळें डांबर महागलें, तेव्हां इंग्लंडच्या पार्लमेंटानें १७०५ मध्यें अमेरिकेंतील आपल्या वसाहतींना डांबर पाठविण्याबद्दल बक्षीस लावून दिलें. पुढें त्या वसाहतीच बंड करून उठल्या. ज्याच्या घरीं लाकूड नाहीं, पण दगडी कोळसा मुबलक आहे, अशा देशाला कोळशांतून डांबर काढण्याची कल्पना सुचणें साहजिक होतें. आणि ती सुचलीहि होती. योहान बेखर या जर्मन रसायनज्ञानें एका सहकाऱ्यासह १६८१ मध्येंच तिचें इंग्लंडांत पेटंट घेतलें होतें. तें कागदावरच राहिलें.

ती कल्पना खऱ्या अर्थानें अमलांत आणणारा पुरुष म्हणजे स्कॉटलंडमधील डनडॉनल्डचा नववा अर्ल, आर्चिबाल्ड कॉक्रेन. किताब जुना, जमीन मोठी आणि खजिना रिकामा, अशी या घराण्याची स्थिति होती. तरुणपणीं त्यानें आरमारांत थोडी नोकरी केली होती आणि समुद्रांतील किडा जहाजांच्या तळाच्या फळ्या कशा पोखरतो, हें डोळ्यांनीं पाहिलें होतें. आपल्या कल्रॉस येथील जहागिरींत कोळशाच्या खाणी आहेत; त्या कोळशाचें डांबर काढून जहाजांचे तळ माखले, तर किडाहि टळेल आणि घराण्याचें दैन्यहि टळेल, असा हिशेब त्यानें मांडला. १७८१ मध्यें त्यानें पेटंट घेतलें, भट्ट्या बांधल्या, कंपनी काढली. १७८५ मध्यें पार्लमेंटानें त्याच्या पेटंटाची मुदत वीस वर्षांनीं वाढवून दिली. सर्व कांहीं जुळून आलें होतें. फक्त गिऱ्हाईक मिळालें नाहीं. कारण नेमक्या त्याच काळांत आरमारानें जहाजांच्या तळांना तांब्याचे पत्रे ठोकावयाचें ठरविलें होतें. तांब्यानें किडा अधिक खात्रीनें अडे. डांबराचा उपयोग संपला नाहीं, पण ज्या एका मोठ्या खरेदीवर अर्लची सारी भिस्त होती, ती गेली. १७९८ मध्यें कल्रॉसची जहागीर विकली गेली आणि १८३१ मध्यें हा सरदार पॅरिस येथें दारिद्र्यांत मरण पावला.

त्याच्या मुलानें, म्हणजे आरमारांत पुढें नांवाजलेल्या टॉमस कॉक्रेननें, म्हातारपणीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत एक आठवण नमूद केली आहे. भट्टीच्या नळींतून डांबराच्या वाफेबरोबर जो वायु निघे, तो गंमत म्हणून पेटविला जाई. आणि त्याचा प्रकाश खाडीच्या पलीकडच्या तीरावरूनहि स्पष्ट दिसे. अर्लला हवें होतें डांबर. ज्या वायूनें पुढें पन्नास वर्षांत युरोपांतील सारीं मोठीं शहरें उजळलीं, तो त्याच्या डोळ्यांसमोर जळून जात होता आणि त्याच्या लेखीं तो टाकाऊ होता. या माणसाला मूर्ख म्हणणें सोपें आहे. पण टाकाऊ म्हणून जें फेंकलें जातें, त्याकडे पुन्हां वळून पाहण्यास जी सवड आणि जें भांडवल लागतें, तें कर्जबाजारी माणसापाशीं नसतें.

हा वायु त्यापूर्वींहि माहीत होता. जॉन क्लेटन नांवाच्या एका धर्मोपदेशकानें सतराव्या शतकांत विगन गांवाजवळचा कोळसा बंद भांड्यांत तापवून निघालेला वायु जनावरांच्या फुग्यांत भरून ठेवला होता आणि फुग्याला टांचणीनें भोंक पाडून तो पेटवून मित्रांची करमणूक केली होती. करमणुकीचें रूपांतर उद्योगांत केलें विल्यम मर्डॉकनें. वाफेच्या यंत्रांचे कारखानदार बोल्टन आणि वॉट यांचा हा स्कॉटिश मिस्त्री कॉर्नवॉलमधील खाणींवर यंत्रें उभारण्याचें काम करी. रेडरूथ येथील आपलें घर त्यानें १७९२ मध्यें कोळशाच्या ग्यासनें उजळलें. पुढें १८०५ च्या सुमारास सॅल्फर्ड येथील एका कापडाच्या गिरणींत त्याचे दिवे लागले आणि १८०८ मध्यें रॉयल सोसायटीनें त्याला रम्फर्ड पदक दिलें. गिरणीमालकाला ग्यासचें आकर्षण कां वाटलें, हें सांगावयास नको. मेणबत्तीपेक्षां स्वस्त प्रकाश मिळाला, म्हणजे हिवाळ्याच्या अंधाऱ्या संध्याकाळीं माणसें अधिक तास राबवितां येतात. १८१२ मध्यें लंडनच्या ग्यास कंपनीस सनद मिळाली आणि १८१३ च्या अखेरच्या रात्रीं वेस्टमिन्स्टरचा पूल ग्यासच्या दिव्यांनीं प्रकाशला.

मुंबईलाहि या दिव्यांचें दर्शन लवकरच घडलें, आणि तें घडविणारा पुरुष जहाजें बांधणाऱ्या घराण्यांतला होता. मुंबईच्या गोदींत पिढ्यान् पिढ्या जहाजें बांधीत आलेल्या वाडिया कुळांतील अर्देशिर कर्सेटजी यांनीं १८३४ मध्यें माझगांव येथील आपला बंगला आणि बाग ग्यासनें उजळून दाखविली; गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः ती पाहण्यास गेले होते. हेच अर्देशिर १८४१ मध्यें रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सभासद झाले. रस्त्यांवर मात्र ग्यास यावयाला आणखी तीस वर्षें लागलीं. १८६५ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या कांहीं रस्त्यांवर ग्यासचे दिवे प्रथम लागले, तेव्हां दिवे लावणाऱ्यांच्या मागून कुतूहलानें लोकांचे घोळके या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरत होते.

दिव्याखालीं उभें राहणाऱ्याला भट्टी दिसत नसे. ग्यासच्या कारखान्यांत लांबट नळकांडीं भट्टींत आडवीं बसविलेलीं असत. त्यांत फावड्यानें कोळसा भरावयाचा, झांकण मातीनें लिंपून बंद करावयाचें, कांहीं तासांनीं तें उघडून लाल झालेला कोक ओढून काढावयाचा आणि पुन्हां भरावयाचा. लंडनमध्यें हें काम करणारे लोक बारा बारा तासांच्या पाळ्यांनीं राबत. १८८९ मध्यें त्यांनीं संघ स्थापन करून आठ तासांचा दिवस मिळविला, तो इंग्लंडच्या कामगार चळवळींतील मोठा विजय समजला जातो. एक टन कोळशांतून सुमारें १०,००० घनफूट ग्यास निघे, वजनाच्या दोन तृतीयांश कोक उरे, अमोनिया मिसळलेलें पाणी निघे आणि दहाएक ग्यालन डांबर जमे. ग्यास विकला जाई, कोक विकला जाई. डांबर मात्र कारखानदारांच्या गळ्यांतील लोढणें झालें होतें. नदींत सोडावें तर मासे मरत. जमिनींत पुरावें तर विहिरी नासत. डनडॉनल्डनें ज्याच्यासाठीं जहागीर घालविली, तेंच द्रव्य आतां फुकट न्यावयालाहि कोणी येत नव्हतें.

हळूहळू त्याला थोडीं गिऱ्हाइकें मिळालीं. १८२३ मध्यें चार्ल्स मॅकिंटॉशनें डांबराच्या हलक्या तेलांत रबर विरघळवून पाऊस न लागणारें कापड तयार केलें. १८३८ मध्यें जॉन बेथेलनें डांबराचें जड तेल लाकडांत मुरविण्याची रीति काढली आणि रेल्वेच्या स्लीपरांना वाळवीपासून आणि कुजण्यापासून संरक्षण मिळालें. पण डांबराचें खरें अंतरंग उलगडलें तें रसायनशाळेंत. १८३४ मध्यें जर्मनींत रुंगे यानें त्यांतून फेनॉल आणि अ‍ॅनिलीन हीं द्रव्यें वेगळीं केलीं. १८४५ मध्यें लंडनला रसायनाचें रॉयल कॉलेज उघडलें आणि त्याचा प्रमुख म्हणून जर्मनीहून ऑगुस्ट हॉफमान यास आणलें गेलें. हॉफमानच्या शिष्यांपैकीं चार्ल्स मॅन्सफील्ड यानें डांबर पुन्हां पुन्हां ऊर्ध्वपातित करून, निरनिराळ्या उष्णतेला उकळणारे भाग वेगवेगळे धरून, त्यांतून शुद्ध बेंझीन मुबलक काढण्याची रीति बसविली. डांबर हा एक पदार्थ नसून शेंकडों पदार्थांचें गांठोडें आहे आणि तें क्रमानें सोडतां येतें, हें त्यामुळें सिद्ध झालें. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं तो बेंझीनचे नमुने तयार करीत असतां भांडें उतूं जाऊन पेटलें. इमारत वाचावी म्हणून त्यानें तें पेटलेलें भांडें हातांत धरून बाहेर नेण्याचा प्रयत्न केला. त्या भाजण्यानें नऊ दिवसांनीं त्याचा अंत झाला. त्याचें वय त्यावेळीं अवघें पस्तीस वर्षांचें होतें. रंगांच्या कारखानदारीचा इतिहास सांगतांना पुढच्या वर्षींच्या आनंददायक घटनेपासून आरंभ करण्याची रूढि आहे. मॅन्सफील्डला ओलांडून जाणें मात्र न्याय्य नाहीं, कारण त्यानें दाखविलेल्या बेंझीनवांचून ती घटना कारखान्यापर्यंत पोंचलीच नसती.

ती घटना सर्वश्रुत आहे. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टींत हॉफमानचा अठरा वर्षांचा शिष्य विल्यम पर्किन हा लंडनच्या पूर्व भागांतील आपल्या घरच्या खोलींत प्रयोग करीत होता. त्याला बनवावयाचें होतें क्विनीन. हिंवतापावरील हें एकमेव खात्रीचें औषध सिंकोना झाडाच्या सालींतून मिळे. आणि उष्ण देशांत राज्य करणाऱ्या इंग्रजांना त्याची गरज मोठी होती. डांबरांतून निघालेल्या एका द्रव्यापासून क्विनीन साधेल, असा तर्क हॉफमाननें बोलून दाखविला होता. पर्किनला क्विनीन मिळालें नाहीं. तांबूस रंगाचा एक गाळ मिळाला. अ‍ॅनिलीन घेऊन तोच प्रयोग केला तेव्हां काळा गाळ मिळाला, आणि तो अल्कोहोलांत विरघळवितांच सुंदर जांभळा रंग उमटला. रेशमावर तो बसला आणि धुऊनहि गेला नाहीं. ऑगस्टमध्यें पर्किननें पेटंट घेतलें आणि पुढच्या वर्षीं ग्रीनफर्ड येथें वडील आणि भाऊ यांच्या साहाय्यानें कारखाना काढला. १८५८ च्या जानेवारींत राजकन्येच्या विवाहप्रसंगीं व्हिक्टोरिया राणीनें याच छटेचा पोशाख केला, आणि मग लंडन-पॅरिसच्या स्त्रियांना दुसरा रंग सुचेनासा झाला. गटारांत जाणारें डांबर एकाएकीं मौल्यवान झालें.

येथून पुढें मात्र इंग्लंड मागें पडलें. हॉफमान १८६५ मध्यें बर्लिनला परतला. त्याच वर्षीं मॅनहाइम येथील एका ग्यास कारखान्याच्या मालकानें, फ्रीडरिख एंगेलहॉर्ननें, आपल्या डांबराचें सोनें करण्यासाठीं बाडिश अ‍ॅनिलीन आणि सोडा कंपनी स्थापली. १८६८ मध्यें ग्रेबे आणि लीबरमान यांनीं डांबरांतील अ‍ॅन्थ्रासीनपासून मंजिष्ठेचा लाल रंग बनविला. त्याच्या पेटंटासाठीं या कंपनीचा अर्ज लंडनच्या कचेरींत १८६९ च्या जूनमध्यें पर्किनच्या अर्जाच्या अगोदर एकच दिवस पोंचला. थोड्याच वर्षांत फ्रान्समधील मंजिष्ठेचीं शेतें ओस पडलीं. आपल्याकडे खारव्याला लाल रंग देणारी आलीची मुळी होती. तिची लागवडहि या स्वस्त परदेशी रंगापुढें टिकली नाहीं.

डांबरानें औषधशास्त्रालाहि हात दिला. १८६५ मध्यें ग्लासगोच्या इस्पितळांत जोसेफ लिस्टरनें गाडीखालीं पाय सांपडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाच्या पट्ट्या बांधल्या आणि जखम न चिघळतां भरून आली. हें आम्ल म्हणजे रुंगेनें डांबरांतून काढलेलें फेनॉलच. मुंबईत १८९६ मध्यें प्लेग आला, तेव्हां गल्लीबोळांतून याच द्रव्याचा मारा चालला होता, आणि त्या पिढीच्या मनांत त्याचा वास कायमचा भीतीशीं जोडला गेला. पर्किनचें अपुरें राहिलेलें कामहि एका अर्थीं पुढें गेलें. पाउल एरलिखनें १८९१ मध्यें मेथिलीन ब्लू हा डांबरजन्य रंगच हिंवतापाच्या दोन रोग्यांना देऊन पाहिला, आणि रंग हेंच औषध होऊं शकतें, हा विचार रूढ झाला. पण याच डांबरानें रोगहि दिले. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें १७७५ मध्येंच लंडनच्या धुराडीं साफ करणाऱ्या पोरांना होणारा कर्करोग काजळीमुळें होतो, असें लिहून ठेवलें होतें. १९१५ मध्यें जपानांत यामागिवा आणि इचिकावा यांनीं सशांच्या कानांना महिनेच्या महिने कोळशाचें डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. १९३३ मध्यें लंडनच्या संशोधकांनीं दोन टन डांबराच्या गाळांतून त्यास कारण होणारें द्रव्य वेगळें केलें. इतकीं वर्षें तें भट्ट्यांवरील मजुरांच्या अंगावर रोज उडत होतें.

आतां पुन्हां ट्रंकेंतील पांढऱ्या गोळीकडे वळावें. ती नॅफ्थलीनची असते. डांबरांतील इतर द्रव्यांना गिऱ्हाइकें मिळाल्यावरहि हें नॅफ्थलीन उरत असे. सुमारें दहावा हिस्सा तेंच. कसर मारण्यासाठीं कितीसें खपणार? दुसरीकडे जर्मन रसायनज्ञ नीळ बनविण्याच्या मागें लागले होते. आडोल्फ बायर यानें १८८० मध्यें प्रयोगशाळेंत नीळ तयार केली, पण ती शेतांतल्या निळीपेक्षां महाग पडे. स्वस्त कच्चा माल कोणता, या प्रश्नाचें उत्तर शेवटीं नॅफ्थलीन हेंच सांपडलें. तीव्र गंधकाम्लांत तें तापवून त्याचें थॅलिक आम्ल करावयाचें आणि तेथून पायरी पायरीनें निळीपर्यंत पोंचावयाचें, असा मार्ग आंखला गेला; मात्र पहिली पायरीच नीट चढतां येईना. अशांत एके दिवशीं भांड्यांतील उष्णतामापक फुटून पारा आंत सांडला आणि अडलेली क्रिया झपाट्यानें चालूं लागली. पाऱ्याची ती करामत ध्यानांत येतांच मार्ग मोकळा झाला. बाडिश कंपनीनें या कामीं सुमारें एक कोटी ऐशीं लाख मार्क खर्चिले आणि १८९७ मध्यें आपली नीळ बाजारांत आणली. त्या वर्षीं जगांत वनस्पतींपासून सुमारें १९,००० टन नीळ निघाली होती आणि तिचा मोठा वांटा हिंदुस्थानचा होता. १९१४ मध्यें ती १,००० टनांवर आली.

बिहारांतील चंपारण्य जिल्ह्यांत निळीची लागवड शेतकऱ्याच्या इच्छेवर नव्हती. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यापैकीं तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे, अशी तीनकठिया नांवाची सक्ति गोऱ्या निळवाल्यांनीं कुळांवर बसविली होती. आणि तिचा मोबदलाहि तेच ठरवीत. जर्मन नीळ आल्यावर भाव कोसळले, तेव्हां हें जोखड आपोआप गळून पडेल, असें वाटणें स्वाभाविक होतें. झालें उलटें. निळवाल्यांनीं कुळांना सांगितलें, कीं तुम्हांला नीळ लावण्यांतून मोकळें करतों, पण त्याची किंमत द्या. ज्या गांवांवर निळवाल्यांचा हक्क कायमचा होता, तेथील कुळांकडून वाढीव खंडाचे करार लिहून घेतले. त्याला शरहबेशी म्हणत. इतरांकडून एकरकमी पैसा वसूल केला. त्याला तावान असें नांव होतें. र्‍हाइन नदीच्या कांठीं लागलेल्या शोधाचें नुकसान अशा रीतीनें गंडकीच्या कांठच्या कुळांच्या खातीं मांडलें गेलें. निरक्षर शेतकऱ्याला नॅफ्थलीन हा शब्द ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आपण नकोशा पिकांतून सुटण्यासाठीं कर्ज काढून पैसे कां भरले, हें त्याला अखेरपर्यंत कोणी समजावून सांगितलें नाहीं.

१९१४ मध्यें महायुद्ध सुरू होऊन जर्मन रंग येण्याचें थांबलें. नैसर्गिक निळीचा भाव पुन्हां चढला, आणि ज्यांनीं सुटकेचे पैसे घेतले होते, ते निळवाले पुन्हां नीळ लावण्याची सक्ति करूं लागले. १९१६ च्या डिसेंबरांत लखनौच्या काँग्रेसमध्यें राजकुमार शुक्ल हा चंपारण्यांतील शेतकरी गांधीजींना भेटला आणि ते होकार देईपर्यंत त्यानें त्यांचा पिच्छा सोडला नाहीं. एप्रिल १९१७ मध्यें गांधीजी चंपारण्यांत पोंचले. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम त्यांनीं मोडला, खटला भरला गेला आणि सरकारला तो काढून घ्यावा लागला. मग त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हजारों कुळांच्या जबान्या लिहून घेतल्या. सरकारनें चौकशी समिति नेमली आणि गांधीजींना तिच्यांत सभासद म्हणून घेतलें. १९१८ च्या कायद्यानें तीनकठिया रद्द झाली आणि वाढीव खंड कांहीं अंशीं कमी केला गेला. तावान म्हणून उकळलेल्या रकमेपैकीं पाव हिस्सा कुळांना परत मिळाला. उरलेले तीन हिस्से निळवाल्यांकडेच राहिले.